कॅप्सूलमधली तारली

"बाला, तू मना मासली चारलीस."

चांगुणामावशींनी प्लास्टिकची बाटली काउंटरवर ठेवली. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही आपापला खोकला विसरून माझ्याकडे बघायला लागली.

मी बाटली उचलली. पंधरा दिवसांपूर्वी मीच दिलेली. वर मेंदूचं चित्र, आत सोनेरी कॅप्सूल, पुढे मोठ्या अक्षरांत 'स्मरणशक्तीसाठी'.

"मावशी, ही मेमरीची कॅप्सूल आहे."

"मंग ढेकर तारलीचा का येतं?"

मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि विकलेल्या मालाचं मागचं लेबल पहिल्यांदाच वाचलं. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, फिश ऑइल. कुठल्या माशाचं, ते लेबलवर नव्हतं. पुढे मी कंपनीच्या एमआरला, म्हणजे औषधं खपवायला येणाऱ्या पोराला विचारलं. त्याने चार फोन केले आणि दोन दिवसांनी पडलेल्या आवाजात सांगितलं, तारलीचंच.

भिवंडीत आमच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात आणि मेडिकलवाल्याला अर्धा डॉक्टर. उरलेला अर्धा आम्ही स्वतःच धरून चालतो. मी तीस वर्षं धरून चाललो होतो.

मावशी भिवंडीजवळच्या दापोड्याच्या. तिथली शेतं गोडाऊनखाली गेली, पण घरात लग्न ठरलं की बोलावणं अजून त्यांनाच जातं. त्या धवलारीण. आगरी लग्नात मुसळाने घाणा भरणं, तेल चढवणं, हळद लावणं हे सगळं धवल्यांवर, म्हणजे लग्नाच्या गाण्यांवर चालतं. धवलारीण जे गाते ते बायका करतात. पुस्तक नाही, वही नाही, सगळं डोक्यात. ती चुकली तर अख्खा मांडव हळदीचे हात घेऊन ताटकळतो.

आणि मावशी चुकल्या होत्या. त्याआधीच्या एका लग्नात नवरीला तेल चढत असताना त्यांनी पाठवणीचा धवला सुरू केला. बायका हसल्या. नवरीची आई वेळेआधीच रडायला लागली. मग कुणीतरी मोबाईलवरचा धवला स्पीकरला जोडला.

"मी जित्ती बसलेली, आनि डबा गातं," मावशी मला म्हणाल्या होत्या. अडीच महिन्यांनी भाच्याच्या मुलाचं लग्न होतं. तिथेही चुकलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "काय गोली असल तर दे."

शहाण्या माणसाने अशा वेळी डॉक्टरकडे पाठवावं. मी वरच्या रॅककडे बघितलं. तिथे स्कीममध्ये आलेल्या मेमरीच्या बाटल्या धूळ खात होत्या. एक पुसून दिली. वर दहा मिनिटं बदाम-अक्रोडावर बोललो आणि शेवटी म्हणालो, "तुम्हाला काय काळजी मावशी, आगऱ्याचं घर, मासे रोजचेच." त्यावर त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण माझं भाषण चालू होतं.

ते राहिलेलं वाक्य आता त्या तीन गिऱ्हाइकांसमोर बाहेर आलं.

"मी मासली सोडून सा वरसं झाली."

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत येईलच असं नाही, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. मावशी वज्रेश्वरीला गेल्या आणि देवीला बोलल्या, गळा परत दे, मासळी, मटण, अंडं, सगळं सोडते. आवाज परत आला. मावशींनी शब्द पाळला. घरात सुक्या बोंबलाचा घमघमाट सुटला की त्या ओटीवर जाऊन बसत. मी मात्र मेंदूचं चित्र दाखवून रोज दोन वेळा तारली त्यांच्या पोटात घातली होती.

"देवीनं आवाज दिला," त्या हळूच म्हणाल्या. "शबूद तर चाललंच. आता आवाज पन गेला तर मी करू काय?"

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना घेऊन शेजारच्या क्लिनिकमध्ये गेलो. काळजी होतीच, पण गिऱ्हाइकांसमोरून निसटायचंही होतं.

डॉ. शबाना मॅडम वयाने माझ्याहून लहान आणि अकलेने बऱ्याच मोठ्या. त्यांनी बाटली बघितली.

"शरदभाई, मछली के तेल से गाना याद आएगा, ये किसने बोला?"

"एमआरने."

"और आपने मान लिया." मग त्या मावशींकडे वळल्या आणि मी जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. खाता काय? भात, डाळ, भाजी, भाकरी. दूध? पचत नाही, चहा कोरा. पायाला मुंग्या येतात? येतात, पण म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

मॅडमनी साध्या भाषेत सांगितलं. बी-ट्वेल्व नावाचं एक व्हिटॅमिन आहे. ते मासे, मटण, अंडी, दूध यांतून मिळतं. रक्ताला, नसांना आणि मेंदूला ते लागतं. फार कमी झालं तर पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. "विसरण्याची कारणं पुष्कळ असतात, मावशी. सगळीच औषधाने जात नाहीत. हे कारण निघालं तर आपलं नशीब. ब्लड टेस्ट करू." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "और कोई गोली चालू है?"

मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. ॲसिडिटीची गोळी. रोज सकाळी उपाशीपोटी एक, सहा वर्षं.

"कौन देता है?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्रावर एकाग्र झालो.

ऑपरेशननंतर ती गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पंधरा दिवस संपले. चिठ्ठी आधी मळली, मग फाटली, मग हरवली. मावशी रिकामी पट्टी दाखवायच्या, मी भरलेली द्यायचो. आमच्या धंद्यात याला 'रिपीट' म्हणतात. मॅडमनी मला हिंदीत समजावलं, खाण्यातलं बी-ट्वेल्व सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं, आणि ही गोळी तेच कमी करते. आधीच मावशींच्या ताटात ते व्हिटॅमिन नावापुरतं. जे थोडंफार येत होतं, त्याला मी रोज सकाळी कुलूप लावत होतो. म्हणजे खालच्या रॅकमधून विसरायची गोळी, वरच्या रॅकमधून आठवायची कॅप्सूल, आणि मधे मी, हसतमुख.

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व इतकं कमी होतं की लॅबवाल्याने ते दोनदा तपासलं होतं. मॅडमनी ॲसिडिटीची गोळी हळूहळू बंद करायला सांगितली आणि इंजेक्शनं लिहून दिली, सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला. गेलेलं सगळं परत येईल अशी खात्री देत नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

मावशींनी इंजेक्शनची लाल बाटली उजेडात धरली. "यात कंचा मासा हाय?"

"एकपण नाही," मॅडम म्हणाल्या. "हे कारखान्यात बनतं. जिवाणूंपासून."

"जिवानू म्हंजे कोलीम का?"

कोलीम म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी कोळंबीची जात. मॅडमनी घाईघाईने सांगितलं की जिवाणू त्याहून पुष्कळ लहान असतात आणि त्यांना मिशा नसतात. मावशींनी दंड पुढे केला.

नवसाचा हिशेब मात्र मॅडमच्या हातात नव्हता. "चूक तुजी," मावशी मला म्हणाल्या, "नारल तू फोडाचा." म्हणून एका रविवारी आम्ही दोघं एसटीने वज्रेश्वरीला गेलो. मी नारळ फोडला. तिसऱ्या प्रयत्नात फुटला. मावशींनी देवीला सगळं नाव घेऊन सांगितलं. माझं नाव, दुकानाचं नाव, पत्ता.

परतीच्या बसमध्ये मी कबुली दिली. क्लिनिकमध्ये झालेलं अर्धं हिंदी बोलणं मावशींना कळलं नसावं, असं मला वाटत होतं. कळलं नसतं तर कुणी सांगणारही नव्हतं. तरी मी सांगितलं. तारली एकवेळ सोडा मावशी, पण ती सकाळची गोळी थांबवायला हवी होती. ती मी सहा वर्षं चालू ठेवली. तुमचे शब्द जायला माझाही हात लागलाय.

अंबाडी नाका आला, गेला. मग मावशी एवढंच म्हणाल्या, "लग्नाला ये."

पुढच्या काही आठवड्यांत पायाच्या मुंग्या कमी झाल्या. मावशी इंजेक्शनच्या रांगेत बसून धवले घोळवायच्या. मॅडमच्या कंपाउंडरला घाणा भरायचा धवला अर्धा पाठ झाला. एक जुना धवला मात्र परत आला नाही. त्याची चाल यायची, शब्द यायचे नाहीत. मावशी तो गुणगुणायच्या आणि सोडून द्यायच्या.

लग्नाला गेलो तेव्हा माझ्या खिशात एक कागद होता. मावशींच्या भाचेसुनेकडून मी सगळ्या धवल्यांचा क्रम गुपचूप लिहून घेतला होता. मावशी अडल्या तर पहिला शब्द पुरवायचा, असा बेत.

घाणा सुरू झाला. मावशी गात होत्या, बायका मागे म्हणत होत्या. पहिला धवला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर मावशी थांबल्या.

स्पीकरजवळच्या एका पोरीचा हात मोबाईलकडे गेला. मी घाईने कागद काढला. चष्मा दुकानात राहिला होता.

मावशींनी मान वळवली ती नवरदेवाच्या काकीकडे. काकीच्या एका हातात मुसळ असायला हवं होतं. दोन्ही हातांत फोन होता.

"फोटू मंग काढ," मावशी म्हणाल्या. "आदी मुसल धर. मी थांबलंय तुज्यासाठी."

काकीने मुसळ धरलं. या वेळी बायका काकीला हसल्या. मोबाईलकडे गेलेला हात मागे आला. मावशींनी धवला तिथूनच उचलला आणि शेवटपर्यंत नेला. मग मांडवाच्या खांबाआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं आणि कुठल्याही कागदावर नसलेलं कडवं घातलं.

मांडवाच्या दारी गो कोन उभा?
गोलीवाला शरद उभा गो.
एक्या हातानं इसरवतो,
दुसऱ्या हातानं आठवतो गो.
हलद लावा त्याला, तारली चारा गो.

बायकांनी हळद लगेच लावली. तारली जेवणात होती.

आता माझ्या काउंटरवर पाटी आहे, रिपीट हवी असेल तर चिठ्ठी दाखवा. गिऱ्हाइकं कुरकुरतात. मेमरीच्या बाटल्या मी कंपनीला परत पाठवल्या. कुणी आई-वडिलांच्या विसरण्यावर काही मागायला आलं, तर आधी दोन गोष्टी विचारतो. ताटात काय असतं, आणि कुठली गोळी कधीपासून चालू आहे. मग शेजारच्या दाराकडे बोट करतो.

त्या लग्नानंतर मावशींना आणखी तीन बोलावणी आली. तिन्ही मांडवांत बायकांनी मेडिकलवाल्याच्या कडव्याची फर्माईश केली म्हणे. ते मात्र मावशी एकदाही विसरलेल्या नाहीत.