दोन खाटांमधला फोन

मंगळवार, सकाळी सव्वासहा. हजर : मी, माझे पती, आठवीतली आमची मनू, शेजारचे नाना आणि त्यांनी स्कूटरवर बसवून आणलेले डॉक्टर. अक्काही होती, खाटेवर, नेहमीसारखी उजव्या कुशीवर. पण तिला हजर धरायचं की नाही, हे डॉक्टरांनी मान हलवेपर्यंत कुणालाच ठरवता येईना. मनू रात्रभर शेजारच्याच खाटेवर झोपली होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं...

अक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यावर असोद्याहून आमच्याकडे जळगावला आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "सुमे, पोरगी तोंडानं श्वास घेते वं. झोपीत तिले हवा पुरत नाही." मी माझ्या कामांच्या वहीत लिहिलं. आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले, मग धुळ्याचे दातांचे. मनूची टाळू अरुंद होती. त्यांनी वरच्या दाढांना तार लावून टाळूजवळ एक स्क्रू बसवला. रोज एकदा त्यात बारीक किल्ली घालून मागे ढकलायची. टाळूचे दोन भाग हळूहळू दूर सरकतात, नाकातली वाटही थोडी मोकळी होते. "पण घोरणं जाईलच, असं मी लिहून देत नाही," ते म्हणाले. "आधीची आणि नंतरची झोप फोनवर रेकॉर्ड करून आणा."

किल्ली फिरवायचं काम अक्काचं. मला ते जमायचं नाही, तिला जमायचं. दर फेरीनंतर ती कपाशीची एक सरकी वाटीत टाकायची. माझ्या वहीवर तिचा विश्वास नव्हता. "तुह्या वहीत खाडाखोड होते. वाटीत नाही होत." मनूच्या पुढच्या दातांत फट पडली, तेव्हा मनू आरशासमोर रडली. अक्का म्हणाली, "राहू दे वं, तेवढीच एक खिडकी वाढली." मनू रडता रडता हसली.

ठरलेल्या फेऱ्या संपल्या, किल्ली थांबली. मनूचं तोंड झोपेत मिटू लागलं. एका रविवारी दुपारी दोघी जेवून आडव्या झाल्या, तेव्हा दोन खाटांमधल्या स्टुलावर मी फोन ठेवला आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी ऐकलं, तर सगळं पहिल्या रेकॉर्डिंगहून वाईट. घोरणं... मग काहीच नाही... आणि पाण्याखालून वर आल्यासारखा एक श्वास. एवढे महिने फुकट गेले, असं वाटून मी पुढच्याच आठवड्यात दोघींना घेऊन धुळ्याची बस धरली. बस एरंडोलला पोचायच्या आत अक्काची मान छातीवर पडलेली होती. तशी ती नेहमीच पडायची. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो.

डॉक्टरांनी मनूला तपासलं, रेकॉर्डिंग लावलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग फोन बंद केला. आवाज चालूच राहिला.

तो दाराबाहेरून येत होता. डॉक्टरांनी दार उघडलं. बाकावर अक्का बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं. आम्ही बघत असतानाच आवाज थांबला. छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती. मनू मागे खुर्चीत दिव्याखाली होती. तिला यातलं काही दिसलं नाही. आम्ही दोघं तिथे किती वेळ उभे होतो, सांगता येत नाही... मग अक्कानं तो श्वास घेतला. तोच, फोनमधला.

"मुलीचं ठीक आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "यांची झोपेची तपासणी करून घ्या. लवकर."

मी बसमध्येच वहीत लिहिलं. अक्काला सांगितलं, तर ती म्हणाली, "मले काय धाड भरली? आधी पोरीची तार निघू दे." आणि मला ते पटलं. एका वेळी एकीचं, अशी माझी पद्धत. ते कलम मी पुढच्या पानावर घेतलं, मग त्याच्या पुढच्या. त्या मंगळवारी स्कूटरवरून आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तपासणीनं ती वाचली असती का, हे कुणी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मनूला माझ्या फोनमध्ये ते रेकॉर्डिंग सापडलं. वर तिचंच नाव आहे. मीच दिलेलं. "आई, झोपेत माझा श्वास अजून असा थांबतो?"

"जुनं आहे ते," मी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून ती उशीला टेकून, बसून झोपते आणि बोट नाकाखाली धरते. मी दारात उभी राहते. तिचा श्वास इतका हलका झालाय, की ऐकूच येत नाही. तरी त्या खोलीत मी कान देऊन थांबते, दुसऱ्या खाटेकडे बघत. चादर घडी घालून ठेवली आहे, सरकीची वाटी खिडकीत आहे.

आजची यादी : अक्काच्या साड्या असोद्याला पाठवणे, झालं. किल्ली डबीत ठेवणे, झालं. मनूला सांगणे, तो श्वास कुणाचा होता...