ताईचा खो

भर दुपार आहे. ओवीच्या तोंडावरचा मास्क काढून मी वाफेचं मशीन बंद करते. खोली एकदम गप्प होते आणि तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येऊ लागते. बारीक, लांबलेली. सहा वर्षांची पोर दोन उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपली आहे. खिडक्या बंद, फटींत ओले पंचे कोंबलेले. वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख आमच्या सावरटोल्यावर दिवसभर उतरत असते. मी भिंतीला टेकते. झोपायचं नाही, नुसतं ऐकत राहायचं. शिट्टी येते, थांबते, येते. पुढची येईपर्यंत माझे डोळे मिटतात.

येते ती पंचांची शिट्टी.

मी शाळेच्या मैदानात खो-खोच्या रांगेत बसले आहे, आणि समोरून रजनीताई पळते आहे. माझी थोरली बहीण. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, हे मला ठाऊक आहे, पण मैदानात कुणीच तसं वागत नाही.

"ताई, हळू. धाप लागेल तुला."

"कोनाले?" ती हसते. "आता कायची धाप वं?"

ती जिल्ह्याच्या संघात खेळली होती. शेवटी शेवटी न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा बसायची. ती खांबाला वळसा घालते. खांब जाड होत जातो, वर वर जातो, त्याच्या तोंडातून धूर निघतो. मी मान खाली करते तर दवाखान्याचा बाक आहे. ताई शेजारी बसून छातीचा फोटो उजेडाला धरते आहे.

"डॉक्टरीणबाई तीनतीनदा विचारे," ती म्हणते. "तंबाखू खाता? विडी ओढता? मी म्हनलं, बाई, मी काहीच नाही करत. मी फक्त इथं राहते."

मला हसू येतं, आणि हसताना खोकला येतो. खोकणारी मी नाही. अंगणवाडी आहे, ताई चालवायची तीच. पोरं ओळीनं खिचडी खात बसली आहेत, एकेक जण खोकतो आहे. शेवटच्या ताटलीपुढे ओवी.

"ही इथं कशी?"

ताई डावानं खिचडी वाढत विचारते, "डॉक्टर काय म्हनले हिचं?"

"हिला या हवेतून काढा म्हणाले."

"मंग?"

"दिवाकर म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत बघू. बदलीचं होईल तोवर. शाळा अर्धी राहते गं, क्वार्टर सोडावं लागतं..."

"मलेही उन्हाळाच सांगितला होता," ताई म्हणते.

मला ओवीला उचलायचं आहे. गुडघे सरळ होत नाहीत. मी पुन्हा रांगेत बसलेली, आणि खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मैदानावर राख पडते आहे. पलीकडच्या खांबाशी ओवी उभी आहे, तिचं तोंड उघडं आहे, आवाज येत नाही.

"ताई, खो दे! दे ना गं!"

ताई मागून धावत येते. ती दिसत नाही, तिचा श्वास ऐकू येतो. आता तिला धाप लागली आहे. शिट्टी वाजते आहे तिच्या छातीत, तरी ती थांबत नाही. पाठीवर सपकन हात पडतो.

"खो!"

मी खोलीच्या मधोमध उभी आहे. ओवी टक्क जागी.

"आई, तू ओरडलीस."

मी नवऱ्याला फोन लावते. दिवाकर वीजकेंद्रात कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला आहे, मागे घरघर ऐकू येते.

"मी ओवीला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं मामाकडे जाते आहे. तिकडे जंगल आहे, चिमणी नाही. उन्हाळ्याची वाट नाही बघायची."

तो पट्ट्यापासून जरा बाजूला जातो.

"शाळेचं?"

"तिकडेही शाळा आहे."

"वाफेचं मशीन विसरू नको. मी बदलीसाठी साहेबांकडे जाऊन येतो आजच."

मी कपाटातून ओवीचे कपडे काढायला वाकते. ती मागून माझ्या पाठीला बोट लावते.

"आई, इथे कोणी हात लावला?"

मी गाऊन बदलून उजेडात धरते. टेकले होते ती भिंत तर मी सकाळीच पुसून घेतली होती. पांढऱ्या कापडावर राखेचा पंजा आहे, बोटं फाकलेली. मी त्यावर माझा हात ठेवून बघते. तो माझ्या हातापेक्षा मोठा आहे.