टॅपेट आवळणार नाही

आमच्याकडे गाडी कानाने बघतात. जव्हारच्या बाजारात कुणाचीही मोटरसायकल दुरुस्त होऊन बाहेर आली की चार जण तिच्याभोवती उभे राहतात, माना तिरक्या करतात आणि ऐकतात. आवाज गेला म्हणजे गाडी बनली. मेस्त्री लोकांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते दुरुस्ती करतात की नाही ते देव जाणे, पण आवाज तेवढा बंद करून देतात.

त्याची युक्ती अगदी सोपी आहे. इंजिनच्या डोक्यात दोन वॉल, म्हणजे झडपा, असतात, एक हवा-पेट्रोल आत घेणारा आणि एक धूर बाहेर सोडणारा. त्यांना दाबणाऱ्या दांड्यात आणि वॉलमध्ये कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं आणि त्याला जागा हवी असते. ही फट म्हणजे टॅपेटचं सेटिंग. फट असली की टिकटिक होते. जुन्या गाडीत जरा जास्तच होते. स्क्रू आवळून फट मिटवली की टिकटिक बंद, गिऱ्हाईक खूश. पुढे तो वॉल नीट मिटत नाही, त्याच्या कडेने आग जात राहते आणि एक दिवस त्याची कड जळून जाते. तोवर कुणी आवळला होता हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी टॅपेट आवळून घेतले. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझी गाडी दोनशे वीस सीसीची, पुढे वारा अडवणारं अर्धं फेअरिंग, हँडल खाली झुकलेलं, लांब पल्ल्यासाठी बनवलेली. मुंबईचा एकजण दाभोशाचा धबधबा बघायला आला होता, वळणावर घसरला आणि त्याला त्या गाडीचं तोंडही नकोसं झालं. मी ती घेतली तेव्हा घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. बाईमाणसाने स्कूटी घ्यावी म्हणे. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे, मोखाड्याकडचे डोंगरातले पाडे माझ्याकडे. पाठीला पिशवी, मागे रजिस्टरांची पेटी आणि टाकीवर बांधलेला मुलं तोलायचा काटा घेऊन त्या चढाला स्कूटी घालून दाखवावी, मग मला शिकवावं. आता मीटर एक लाख चाळीस हजाराच्या पुढे गेलाय आणि शिकवणाऱ्यांच्या तीन-तीन गाड्या बदलून झाल्या.

गाडी इतकी टिकली ती मी तिच्याकडे बघते म्हणून. ऑइल मी बदलते. साखळी रविवारी रॉकेलने धुते, सुकली की तेल लावते. एअर फिल्टरमधून उन्हाळ्यात इतकी लाल माती निघते की कुंडी भरावी. कार्बोरेटर खोलून जेट फुंकायचा, मग गाडी पुरती गरम झाल्यावर हवेचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत इंजिन कुठे मोकळा श्वास घेतं ते बघायचं, हे मी गाडीसोबत मिळालेलं जाड मॅन्युअल वाचून शिकले. टॅपेट तेवढे मेस्त्रीकडे करून घ्यायची, आणि दर वेळी त्याला बजावायची, फट राहू द्या. तो तोंड वाकडं करायचा, पण राहू द्यायचा.

गेल्या भात कापणीच्या आधी आमच्याकडे नवे साहेब आले. पहिल्याच फेरीत ते जीपने एका पाड्यावर जाऊन थांबले, मी मागून येत होते. रस्ता तिथे डोंगराला वळसे घेत उतरतो. उतारावर गाडी सोडली की सायलेन्सरचा आवाज पडतो आणि टिकटिक तेवढी उरते. मी अजून दोन वळणं वर असताना अंगणवाडीतल्या सेविकाताई साहेबांना म्हणाल्या, "आमच्या मॅडम आल्या." साहेबांनी रस्त्याकडे बघितलं, रस्ता रिकामा. मी पोहोचले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

"तुमच्या आधी तुमचा आवाज पोहोचतो. मग अचानक भेटीला अर्थ काय राहिला? सेविका तोवर सगळं आवरून बसणार. एकतर गाडीचा बंदोबस्त करा नाहीतर दुसरी बघा."

मला त्यांना तिथेच सांगता आलं असतं की सेविकेला पकडायला मी येत नाही. नाही सांगितलं. साहेब नवे, मी जुनी, उगाच पहिल्याच दिवशी कशाला तोंडी लागा, असं मनात आलं. शहाणपणा केला मी. त्या शहाणपणाची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी डेपोपलीकडच्या गल्लीत मेस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, गप्प करा हिला. त्याने दोन वेळा विचारलं, "नक्की ना मॅडम?" मग पाना घेतला. दहा मिनिटांत गाडी अशी गप्प झाली की बाजूच्या पानवाल्याने मान डोलावली. साहेबांनीही पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पाड्यांवर जायला लागले तर बाया येईनात. कापणीचे दिवस. सगळ्या उतारावरच्या खाचरांत, नाचणीच्या शेतांत. तीन पाड्यांत मिळून धड चालणारा काटा एकच, तो माझ्या टाकीवर. ठरलेल्या तारखेला मला कधी जाता येतं, कधी बैठक निघते, आणि फोनला तिकडे रेंज नाही. मी गेल्यावर सेविकाताई बांधावर उभ्या राहून हाका मारायच्या, अर्ध्या बाया येईतो मला पुढच्या पाड्यावर निघावं लागायचं. पूर्वी असं होत नव्हतं. पूर्वी माझ्या आधी पोरं काखेत घेऊन आया दारात बसलेल्या असत आणि मला वाटायचं, काय शिस्तीच्या बाया.

तिसऱ्या आठवड्यात मी, साहेब आले होते त्या खालच्या पाड्यावर, जरा चढ्या आवाजात विचारलं, आता येत का नाही तुम्ही? एक म्हातारी सुपात नाचणी पाखडत होती. तिने हात थांबवला नाही.

"गाडी वाजत नाय तुजी. मंग कसा कलंल? पयले वरच्या वळनावर वाजायची, तवा पोरी इळा टाकून निगायच्या."

मी खाली बसले. रस्त्याने दिवसभर दहा मोटरसायकली जातात, पण टिकटिकणारी एकच. त्या आवाजावर इतकी वर्षं आया शेतातून घरी येत होत्या आणि मला पत्ता नव्हता. साहेबांना ज्या आवाजाची चीड, तो मी माझ्या हाताने बंद करून घेतला होता. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती साहेबांवर कमी, माझ्यावर जास्त होती.

फट परत करून घ्यायचं ठरवून त्याच दिवशी निघाले, तर चढावर गाडीनेच मला सांगून टाकलं. दम तुटला, सायलेन्सरमधून फटफट आवाज आले आणि मधल्या वळणावर ती बंद पडली. बटण दाबलं तर इंजिन नुसतं हलकं हलकं फिरायचं. आत दाबच नव्हता. वाटेवरच्या एका जीपवाल्याने मागे घालून जव्हारला आणली.

मेस्त्रीने ऐकलं आणि हात झटकले. "लाखाच्या वर चाललीय मॅडम, इंजिन संपलं. भंगारात घाला आता." साहेबांनी त्याहून सोपं केलं. गाडी नाही, तर फिरतीचं काम कसं करणार? महिनाअखेर दुसऱ्या बाई माझे पाडे घेतील, मी ऑफिसातलं टेबल घ्यावं. तसा विनंती अर्ज मीच लिहून द्यावा. "तुम्हालाही आराम होईल," ते म्हणाले, आणि वाईट हेतूने म्हणाले असं मी म्हणणार नाही. हातात बारा दिवस होते. मी रजा टाकली.

मागच्या पडवीत गाडी घेतली. आधी प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि भोकावर अंगठा धरून बटण दाबलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने दाब वाढला असता. वाढला नाही. म्हणजे रिंगा धड, वॉल गेलेला. टाकी उतरवली, कार्बोरेटर सोडवला, टायमिंगची साखळी आत पडू नये म्हणून तारेने बांधून ठेवली आणि हेड काढलं. धुराच्या वॉलची कड एका बाजूने उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली. इंजिन संपलं म्हणे. एक वॉल संपला होता, आणि तो मेस्त्रीने आणि मी मिळून संपवला होता.

नवा वॉल आणि पॅकिंग नाशिकहून एसटीच्या पार्सलने आलं. वॉल त्याच्या जागेवर घासून बसवावा लागतो. खरखरीत पेस्ट लावायची, रबराची काठी चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "ताक कधी होणार?" मी म्हटलं, नुसते दारात उभे राहिलात तर वेळ लागेल. मग तो गुपचूप येऊन हेड धरून बसला. घासून झाल्यावर पेट्रोल ओतून ठेवलं. तासाभराने बघितलं तर एक थेंब खाली नव्हता.

सगळं जोडलं, टॅपेटची फट मॅन्युअलप्रमाणे पातळ पोलादी पातीने मोजली, आणि गाडी सुरू झालीच नाही. भडाभड मागे धूर फेकला आणि थांबली. दोन दिवस उरले होते. मला रडू आलं, आणि रडले. मग तोंड धुऊन परत मॅन्युअल उघडलं. पिस्टन वर येतो तो दोनदा. एकदा दोन्ही वॉल मिटलेले असतात, एकदा दोन्ही थोडे उघडे. फट मोजायची ती मिटलेले असताना, मी दुसऱ्या वेळी मोजली होती. इतकी वर्षं टॅपेट मेस्त्रीवर सोडले त्याचं हे फळ. इंजिन एक पूर्ण फेरा फिरवलं, पुन्हा मोजलं. वरचा नट घट्ट करताना स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो आणि फट बदलते, म्हणून एका हाताने स्क्रू धरून नट आवळायचा, परत पाती घालून बघायची. एका वॉलला सहा वेळा केलं. मग बटण दाबलं आणि ती लागली. टिक टिक टिक टिक. पडवीभर.

सकाळी ती घेऊन मेस्त्रीच्या गल्लीतून मुद्दाम गेले. तो बाहेर आला, मान तिरकी करून ऐकलं, खरं तर खूश झाला. मग हळूच म्हणाला, "पाव फेरा आवळा मॅडम. ऑफिसात जायचंय ना? साहेबांपुरतं."

"साहेबांपुरतंही नाही," मी म्हटलं.

ऑफिसच्या खिडकीखाली गाडी लावली. साहेब म्हणाले, आवाज आहेच की अजून. मी म्हटलं, आहे, आणि राहणार. तो बंद केला की वॉल जळतो आणि आया येत नाहीत. मग म्हातारीने सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि त्या आठवड्यांत किती मुलांची वजनं झाली ती संख्या त्यांच्यापुढे ठेवली. अर्ज मी देणार नाही, टेबल मला नको, माझे पाडे माझ्याकडे राहू द्या. माझा आवाज जरा चढला असेल. साहेबांनी कागद उलटून पालटून बघितला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण जुनी गाडी स्वतःच्या जबाबदारीवर वापरते, असं लिहून द्या." लिहून दिलं. आजवर कुणाच्या जबाबदारीवर वापरत होते, ते विचारणं ओठांवर आलं होतं, पण पाडे मिळाले होते, म्हणून गिळलं.

तिथून थेट खालच्या पाड्यावर गेले. वळणावर ॲक्सिलेटर सोडला. अंगणवाडीसमोर पोचले तर नऊ आया बसल्या होत्या, दोघी अजून बांधावरून पळत येत होत्या, हातात विळे तसेच. काटा आढ्याला टांगला आणि एकेक पोर तोललं. मी हसत होते.

सगळं झाल्यावर सेविकाताईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. दोन ओळी कोऱ्या होत्या. एका घरची दोन मुलं.

"गेली ती मानसा. ईटभट्टीवर. टरक आला व्हता न्यायला."

कधी, मी विचारलं. त्यांनी दिवस सांगितला, गाडी गप्प होती तेव्हाचा. त्या दिवशी मी याच दारात अर्धा तास उभी होते. ते कुटुंब पलीकडच्या खाचरात शेवटची कापणी उरकत होतं आणि संध्याकाळी ट्रकमध्ये बसलं. धाकटीचं वजन त्याच्या आधीच्या महिन्यात घसरलेलं होतं, ते मागच्याच पानावर माझ्या अक्षरात होतं. कुठली भट्टी, ताईंना माहीत नव्हतं.

वजन न झाल्याचं कारण, असा एक रकाना असतो. तिथे आम्ही सगळ्याजणी स्थलांतर असं लिहितो, हाताला सवयच झालीय. ताईंनी पेन पुढे केलं. मी दोन्ही ओळींत लिहिलं, पर्यवेक्षिका येऊन गेली, आयांना कळलं नाही. खाली पूर्ण नावाने सही केली. महिनाअखेर ते रजिस्टर साहेबांच्या टेबलावर जातं.