शेकड्यातली एक

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी मी आणि बायको पडवीत वाल सोलत बसलो होतो. भिजवून मोड आणलेला वाल चिमटीत दाबला की दाणा सालातून अलगद सुटतो. तिचा सुटायचा, माझा उडायचा. एक उडून तिच्या चष्म्यावर बसला.

"अहो, धरणाचे दरवाजे संभाळता आनि वाल संभाळवत नाय?" ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. बिरडं तिनंच केलं. आमच्या दोघांचं म्हणून जे काही होतं, त्यातलं ते शेवटचं.

मी चौथी शिकलेला. भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांना ग्रीस लावण्यात जन्म गेला. ती लग्नात बारावी होती. सरकारी नोकरी बघून बापानं मला दिली. मूल झालं नाही. ती शिकत गेली, शहापूरला शाळेत गणित शिकवायला लागली, आणि चाळिशी आल्यावर बिनपगारी रजा टाकून रोज लोकलनं मुंबईला एम.एस्सी. करायला जाऊ लागली. विषय संख्याशास्त्र.

आमच्या सापगावात कुणाला हे कळायला? लोकांना वाटलं बाई मटक्याचं शिकते. एकानं तर नाक्यावर गाठलं.

"वयनी, आज ओपन काय लागेल सांगा की."

"माझं शास्त्र सांगतं भावजी, तुमी असेच खेळत राहिलात तर पयलं घर जाईल, मग गाय."

"आनि क्लोज?"

"क्लोज तुमीच."

घरी ती मोठ्यानं अभ्यास करायची. पुस्तक इंग्रजी, पण कळलं की नाही हे बघायला मला मराठीत सांगायची. भिंतीला सांगण्यापेक्षा तुमी बरे, म्हणायची. एकदा म्हणाली, नमुना मोठा असला की भरवसा वाढतो. मी म्हटलं, मला बोलतेस काय? तर म्हणे, "तुमी एकच नमुना. तुमच्यावरून सगळ्या नवऱ्यांचं काय सांगायचं?"

पास झाली. कॉलेजात शिकवायची हौस होती. एका ठिकाणी वय काढलं, दुसऱ्या ठिकाणी माणूस आधीच ठरलेला. परत सहावीला अपूर्णांक शिकवायला लागली. एवढं शिकून काय दिवे लावले, असं तिला शाळेतलेच लोक विचारायचे. ती वह्या तपासत राहायची. माझ्या तोंडात शिवी यायची.

मग काही वर्षांनी हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर काही काळ निघेल, पण ऑपरेशन केलेलं बरं. आणि त्यांनी शेकडा सांगितला, शंभरातल्या किती बाया बऱ्या होऊन घरी जातात तो. आकडा चांगला होता. मी तो इथं लिहिणार नाही, लिहिताना हात जळतो.

मला ऑपरेशन नको होतं. धापत का होईना, घरात असेल, एवढंच माझं म्हणणं. घरी येऊन मी तिला विचारलं, "तू कुठल्या बाजूला पडशील ते सांग. एवढं शिकलीस ना?"

"ते सांगता येत नाय. शास्त्र शंभर जणींचं सांगतं, एकीचं नाय."

"मग एकीनं काय करायचं?"

"जे केल्यानं शंभरातल्या जास्त वाचतात, ते करायचं."

"आनि ती एकच मेली तर?"

"तर तिला मेलेल्यांत मोजायचं. नायतर पुढच्या बाईला खोटा आकडा मिळेल."

फळ्यापुढं उभी असल्यासारखं बोलली. मी सही केली. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही. त्याच संध्याकाळी नदीवर सगळं उरकलं.

सकाळी मी चपला घातल्या. तिचा भाऊ आडवा आला.

"दाजी, सुतकात कुठं निघालात?"

"हॉस्पिटलात."

"आता तिथं काय राहिलंय?"

"विचारायचंय."

डॉक्टरांना वाटलं मी भांडायला आलो. त्यांनी वॉर्डबॉयला जवळ उभा केला. मी विचारलं, तुम्ही जो शेकडा सांगता, त्यात माझी बायको धरली का?

"काका, ते आकडे पुस्तकातले. बाहेरच्या देशातल्या पेशंटांवरून काढलेले असतात."

"मग इथं मरतात त्या कुठं जातात?"

"तुम्ही जरा शांत व्हा."

मी शांतच होतो. आवाज त्यांचा चढला होता. माझी बायको त्यांच्या शंभरात कधी नव्हतीच. वाचणाऱ्यांत नाही आणि मरणाऱ्यांतही नाही. ज्या आकड्यावर ती जीव टाकून निजली, त्यात तिच्यासारखी एक बाई नव्हती.

बाहेर बाकावर मुरबाडकडचं एक जोडपं बसलं होतं. बाई धापत होती. मी शेजारी बसलो.

"डॉक्टरनं शेकडा सांगितला?"

"सांगितला," नवरा म्हणाला. "चांगला हाय म्हनतात."

"काल माझी गेली, याच ऑपरेशनात. तिला धरा, आनि मग ठरवा."

बाईनं पदर तोंडाला लावला. नवरा उठून उभा राहिला. "सकाळी सकाळी काय अभद्र बोलता हो?"

ते दोघं दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या जागी म्हाताऱ्या आईला घेऊन एक बाई आली. तिलाही मी सांगितलं. मग त्यापुढच्याला. वॉर्डबॉयनं दंडाला धरून फाटकाबाहेर काढेपर्यंत सांगत होतो.