टोकं तोडलेल्या काठ्या

बेळगावातल्या दुकानदाराने मला चारच प्रश्न विचारले होते. चारही उत्तरं मी ठोकून दिली.

मी तिथल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. गणपतीच्या चवथीला घरी जायचं होतं आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या खेपेस काहीतरी भारी न्यायचं असं मनात होतं. आप्पांना दोनच गोष्टींची आवड, भातशेती आणि गरीने, म्हणजे गळाने, मासे धरणं. शेतीचं काही पिशवीत घालून नेता येत नाही, म्हणून गरीची काठी. दुकानात भिंतीला ओळीने काठ्या टांगल्या होत्या, काळ्या, निळ्या, चकचकीत.

"पाणी कसलं? तळ्याचं की वाहतं?" दुकानदार म्हणाला.

"सगळंच आहे आमच्याकडे."

"मासा कुठला धरणार? बारक्याला नरम टोकाची काठी लागते, मोठ्याला ताठ. वाहत्या पाण्यात तळाला शिसं सोडायचं, तळ्यात वर बूच तरंगत ठेवायचं. एकच काठी सगळ्याला चालत नाही साहेब. एकच चप्पल घालून चिखलात आणि लग्नात जाता काय?"

"सगळ्यात चांगली कुठली, ती द्या," मी म्हटलं. आपल्याला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्यातून मी जोयडा तालुक्यातला, कुंभारवाड्याच्या पलीकडच्या रानातला. हा बेळगावच्या बाजारपेठेत बसून मला मासे शिकवणार!

त्याने मुकाट्याने एक लांब काठी काढली. खाली रीळ, मुठीला काळा फोम. सोबत तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, गुंडाळी, गऱ्यांची डबी आणि नारंगी रंगाची बुचं. बांधता बांधता त्याने तिसरा प्रश्न विचारला.

"वापरणार कोण?"

"वडील."

"वय झालं असेल. नजर कशी हाय त्यांची? ह्या काठीवर सगळा खेळ बुचाकडं बघायचा."

"ठणठणीत," मी म्हटलं.

मुद्दाम खोटं बोललो असं नाही. मला माहीतच नव्हतं. आणि जे माहीत नाही तेच ठणकावून सांगायची मला सवय आहे.

आमच्या घरात चुलीच्या वर बांबूचा माळा आहे. वर्षभर चुलीचा धूर तिथून जातो. आप्पांच्या तीन गरीच्या काठ्या त्या धुरात असायच्या. तिन्ही चिवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या बारीक, भरीव बांबूच्या. एक करंगळीएवढी बारीक, ओढ्यातल्या मळवे नावाच्या बारक्या माशांसाठी. दुसरी दीड माणूस लांब, नदीच्या कोंडीतल्या, म्हणजे खोल डोहातल्या, शिंगटीसाठी. तिसरी आखूड आणि दणकट, खडकाच्या कपारीत गरी सोडून सापासारखी लांब वांब ओढायला. चिवारी तोडायची ती पावसाळा सरल्यावर, अमावास्येच्या आधीच्या अंधाऱ्या पंधरवड्यात, नाहीतर भुंगा लागतो. मग वर्षभर धूर. धुराने काठी तांबूस होते, हलकी होते, आणि वाकवली तरी मोडत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारच्या बसने घरी पोचलो. आप्पा सोप्यात बसून माटोळीसाठी केळीच्या सोपटाचे दोर वळत होते. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची बांबूची चौकट. तिला सुपारीचे घोस, रानातली फळं, वेली, नारळ बांधतात. दरवर्षी आप्पा स्वतः रानात जाऊन ती फळं हुडकून आणायचे. या वर्षी शेजाऱ्यांनी आणून दिली होती. म्हातारपणी आळस आला, असं मला वाटलं, आणि तसं मी हसत हसत बोलूनही दाखवलं. तेही हसले.

नवी काठी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी फोमवरून हात फिरवला, रिळाची मूठ चाचपली, टोकापर्यंत बोटं नेली.

"भारी हाय," ते म्हणाले. "किती गुळगुळीत."

"आणि हे बूच बघा. नारंगी. लांबून दिसतं. तुमच्या काठ्यांना तर हल्ली बूचच नसतं. आधी मोरपिसाचा देठ तरी बांधायचा तुम्ही. बुचाशिवाय मासा लागलेला कळतो कसा?"

"हातात कळतंय की."

मी मोठ्याने हसलो. आईही तिथेच होती. ती हसली नाही.

मग माटोळी काढली तर तिचे चारपैकी तीन दांडे भुंग्याने पोखरलेले. हात लावला की पिठासारखा भुगा. ते दांडे मागच्या वर्षी मीच तोडले होते, सुट्टी संपत आली म्हणून घाईत, ऐन पौर्णिमेच्या सुमाराला. आई मागच्या पडवीत मोदकांचं सारण करत होती. तिथूनच ती ओरडली, "माळ्यावर बग, धुरातलं दांडं हायत. डाव्या अंगाला."

माळ्यावर चढलो. डाव्या अंगाला चार-पाच दांडे होते, जाडेभरडे, काजळी धरलेले. उजव्या अंगाला आप्पांच्या तीन काठ्या, तांबूस, सरळ, हाताने घासून घासून चकाकलेल्या. त्यांना तंगूस गुंडाळलेलं होतं, गऱ्या कापडात बांधलेल्या होत्या. म्हणजे अंधारात चूक झाली असं काही नाही. गरीच्या काठ्या आहेत हे मी बघितलं, आणि मनात म्हटलं, आता यांचं काय काम, नवी आणलीय की. या दिसतीलही छान.

कोयत्याने तंगूस कापलं. तिन्ही काठ्या एका मापाच्या केल्या. लांब काठीचा अर्धा भाग गेला, बारकीचं आणि आखूडचं टोक गेलं. गरीच्या काठीचा सगळा जीव टोकात असतो. टोक गेलं की उरतो तो दांडा. ती टोकं मी चुलीत घातली. चांगली कोरडी होती, लगेच पेटली.

माटोळी खरंच देखणी झाली. शेजारच्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, "काय चकाकतंय रे दांडं! कुठनं आणलास?" आणि मी मान ताठ करून म्हटलं, "घरचेच आहेत." ते शब्द आजही कानात आले की मला कुठे बघावं कळत नाही.

सुपारीचा पहिला घोस घरच्या कर्त्याने बांधायचा. आप्पा पाटावर उभे राहिले, दोर घेतला आणि दांडा चाचपला. एका जागी त्यांचा अंगठा थांबला. तिथे वर्षानुवर्षं अंगठा टेकून खळगा पडला होता. त्यांनी दुसरा दांडा चाचपला. मग तिसरा.

"ह्या लावल्यास व्हय," ते म्हणाले.

आईने वर बघितलं आणि तिच्या हातातलं ताट खाली आलं. "देवाच्या डोस्क्यावर गरीच्या काठ्या? माशाच्या हातानं धरलेल्या? अरे अक्कल हाय का न्हाई तुला?"

मी उसळलो. बांबू तो बांबू, देवाला काय कळतंय, नवीन काठी कुणासाठी आणली मग, असं बरंच काही बोललो. आप्पांनी घोस बांधून पुरा केला. गाठ दोनदा ओढून बघितली.

"ऱ्हाऊ दे," ते आईला म्हणाले. "इतकी वर्सं धुरात हुत्या. शुद्ध हायत."

पाच दिवस गणपती होता. पाचही दिवस आरतीला मी मान वर केली की त्या काठ्या समोर. तरी मला अजून लाज वाटत नव्हती. थोडी चुटपुट होती, आणि आईचा राग. बस्स. लाज नंतर आली, आणि एकदम आली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मासा शिजवायचा. सकाळी आप्पांना म्हटलं, चला, नवी काठी लावू. ते उठले, पण दारात घुटमळले. दाराआडच्या कोपऱ्यात हात घालून काहीतरी हुडकू लागले. तिथे त्यांची लांब काठी टेकवलेली असायची, नदीवर जायच्या सकाळी आई ती आधीच माळ्यावरून काढून ठेवायची. तिचा बुंधा टेकत ते वाट चालायचे. मला वाटलं, सवय. मी नवी काठी माझ्याच खांद्यावर टाकून पुढे निघालो. मागे आईने त्यांच्या हातात काटकी दिली, ते मी बघितलं आणि त्याचाही अर्थ लावला नाही.

कोंडीवर पाणी गढूळ होतं, पण काठाला संथ होतं. मी त्यांना खडकावर बसवलं, काडू, म्हणजे गांडुळं, गरीला टोचून गरी लांब फेकून दिली आणि काठी त्यांच्या हातात दिली. नारंगी बूच पाण्यावर झकास डुलत होतं.

"आता बुचाकडे बघत राहा. बुडालं की ओढायचं."

बूच बुडालं. आप्पा तसेच बसलेले. "ओढा!" मी ओरडलो. त्यांनी ओढलं, गरी रिकामी. पुन्हा टाकली. बूच दोनदा हललं, सरकलं, गडप झालं. आप्पा समोर बघताहेत, चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा रिकामी. असं पाच-सहा वेळा झालं. एकदा तर बूच पुरतं खाली जाऊन तंगूस ताणलं गेलं आणि काठीचं टोक वाकलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं आणि त्यांनी उलट्या अंगाला झटका दिला. मासा सुटला. मोठा होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते मऊ करून सांगायचा मला हक्क नाही.

"डोळे फुटले काय तुमचे?"

आप्पांनी काठी खडकावर आडवी ठेवली. मग ते म्हणाले, "दिसत न्हाई रे."

"काय दिसत नाही?"

"कडंचं कायबी दिसत न्हाई. समोरचं धुरकाट. दोन पावसाळं झालं."

मी म्हटलं, "मग इतके दिवस मासे कसे धरत होता?"

"काठी सांगायची की. अंगठ्याखाली धरली की मळवा टुकटुक करतोय. शिंगटी ढुशी देती. वांब गुंडाळतीया. काठी धुरात मुरली की सगळं हातात येतंय." त्यांनी फोमची मूठ दाबून बघितली. "ह्यात कायबी येत न्हाई. मऊ हाय. पण तू आणलीस. म्हटलं, शिकू."

मला ना त्यांच्याकडे बघवेना ना पाण्याकडे. मी रानातला म्हणून मिरवणारा माणूस, आणि माझ्या बापाला दिसत नाही हे मला नदीवर, शिवी दिल्यावर कळलं.

"सांगितलं का नाही मला?"

"सांगून काय. तू नदीवर जाऊ दिला नसतास."

खरं होतं. नसतं जाऊ दिलं. दरडावून घरी बसवलं असतं आणि बेळगावात सगळ्यांना सांगत फिरलो असतो, वडिलांची किती काळजी घेतो ते.

आईला माहीत होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं, म्हणून तर रानातली फळं त्यांनी आणून दिली. वाट आप्पांच्या पायांना पाठ होती आणि काठी हातात असली की आई निर्धास्त असायची. आठवड्यातून दोनदा ते कोंडीवर जायचे आणि कालवणापुरते मासे आणायचे. घरात आपण अजून काहीतरी आणतो, एवढं त्यांच्याकडे शिल्लक होतं. तेवढंच मी कोयत्याने मापात कापलं होतं.

बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू. गेली ती नजर परत यायची नाही, उरली ती औषधाने टिकवू, असं ते म्हणाले. "आधी का आणलं नाहीत?" मी म्हटलं, "ते गावाकडे असतात." तेव्हाही तोंडात हेच आलं. आप्पा शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

माटोळीचे दांडे सोडवून मी आप्पांपुढे ठेवले होते. टोकाला दुसरी चिवारी बांधून चालेल का, असं विचारलं. त्यांनी चाचपून बाजूला ठेवले. "जोडलेल्यातनं येत न्हाई," एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या आधीच्या अंधाऱ्या पंधरवड्यात मी रजा टाकून घरी गेलो. आप्पांना हात धरून चिवारीच्या बेटाकडे नेलं. काठी निवडायची आमच्याकडे एक रीत आहे. तोडलेल्या चिवारीचा बुंधा एकाने धरायचा, टोक दुसऱ्याने, आणि टोकाकडच्याने माशासारखे हिसके द्यायचे. ज्या चिवारीतून हिसका बुंध्यापर्यंत स्वच्छ येतो ती ठेवायची. आजवर टोक आई धरायची. त्या दिवशी मी धरलं.

आप्पा दगडावर बसले, बुंधा अंगठ्याखाली घेतला आणि डोळे मिटले. मी हलकेच टुकटुक केलं.

"मळवा," आप्पा म्हणाले. "ही ऱ्हाऊ दे."

दुसरीला ढुशी दिली. "शिंगटी. पण मधी गाठ हाय, अडतंय. टाक."

अशा सात-आठ झाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. मला हिशेब सुचत होता, या काठ्या पुढच्या दिवाळीपर्यंत धुरात राहणार, आणि तोवर औषध चुकलं, पाय थकले, तर त्या कुणाच्या हातात येणार. पुढची चिवारी हातात घेतली आणि हिसका द्यायचं राहूनच गेलं. मी नुसताच टोक धरून उभा राहिलो. आवाज होऊ नये म्हणून ओठ दाबून धरले होते. त्यांना दिसत नव्हतं हे माझं नशीब, असं मला वाटलं.

आप्पांचा अंगठा बुंध्यावर थोडा सरकला. ते बराच वेळ ऐकल्यासारखे बसून राहिले.

"हा मासा न्हवं," ते म्हणाले. "तुजा हात कापतोय."

मी टोक दोन्ही हातांनी धरलं.

"काठी चांगली हाय पण," आप्पा म्हणाले. "ही ठेव."