तपासणीच्या दिवशीची सिस्टर

"कोट काढ. आणि वेगळा धू. डेटॉल टाकून."

सरकारी तपासणीची गाडी फाटकाबाहेर पडून पाच मिनिटंही झाली नव्हती. मालकीणबाई ऑफिसच्या दारात हात पुढे करून उभ्या होत्या. हात कोटासाठी नव्हता, कोटावरच्या बिल्ल्यासाठी होता. बिल्ल्यावर एका सिस्टरचं नाव होतं. मी तो काढून दिला. त्यांनी तो रुमालानं पुसला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. कोटाला हात लावला नाही.

"आजींच्या कपड्यांत मिसळू नकोस," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

आजींचे कपडे धूत मीच होते. त्यांची अंगं पुसत मीच होते. अकरा म्हातारी माणसं, त्यांचे डायपर, त्यांच्या उलट्या, सगळं माझ्याच हातांनी. त्याला डेटॉल लागत नव्हतं. मी घातलेल्या कोटाला लागत होतं.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला तो वृद्धाश्रम. त्याला वृद्धाश्रम म्हणायचं नाही, 'होम' म्हणायचं. बंगला चांगला, बाग चांगली, म्हाताऱ्यांची मुलं पुण्यात नाहीतर परदेशात. कामाला लागले त्या दिवशी मालकीणबाईंनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. मग सांगितलं, किचनच्या आत यायचं नाही आणि पाण्याचा ग्लास घरून आणायचा. "इन्फेक्शनचं असतं ना," म्हणाल्या. स्वयंपाकाच्या नंदाताई अडल्या वेळी माझ्याबरोबर डायपर बदलायच्या आणि तिथून पोळ्या लाटायला जायच्या. त्यांना इन्फेक्शन नव्हतं. माझा ग्लास मागच्या नळाजवळ असायचा.

मी शिकलेली होते थोडी. नर्सिंगच्या कोर्सला सहा महिने गेले होते. लग्न ठरलं, कोर्स सुटला. पुढे लग्नही सुटलं. बीपी घेता येतं, जखम ओळखता येते. म्हणून तर तपासणीच्या दिवशी कोट माझ्या अंगावर चढायचा. भिंतीवर ज्या सिस्टरचं सर्टिफिकेट लावलं होतं ती दुसऱ्या दवाखान्यात ड्युटी करायची. आमच्याकडे महिन्यातून एकदा स्कूटीवरून यायची, सह्या करायची, सरबत प्यायची आणि जायची. मी तिच्यावर जळायचे. तिच्या बुटांवर, तिच्या घड्याळावर, "सिस्टर, बसा ना" या शब्दांवर. आता लपवून काय करू? पहिल्यांदा कोट घातला तेव्हा मी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले. दोनदा वळून बघितलं. मला तो फार शोभत होता.

त्या पहिल्या तपासणीला ज्या मॅडम आल्या त्या माझ्याच वयाच्या. साधी सुती साडी. गाडीच्या किल्लीला निळं चक्र लटकत होतं. बघताक्षणी कळलं, आपल्यातल्या आहेत. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीसारख्याच कुठल्यातरी कॉलनीतून वर आलेल्या. मालकीणबाई त्यांच्यापुढे नुसत्या वाकत होत्या. सोनेरी काठाच्या कपातून चहा दिला. आपली एक बाई त्या खुर्चीवर बसली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पोटात दुखलं. हिलाच का? माझ्या बापानं ओझरच्या कारखान्यात झाडू मारला, हिच्या बापानं काय वेगळं केलं असेल? हिचा कोर्स कसा नाही सुटला?

कोट धुवायला मागे गेले तेव्हा मालकीणबाईंनी खिडकीतून हाक मारली. "ऐक, त्या मॅडमचा कपसुद्धा तुझ्या ग्लासाजवळ ठेव. आत नको."

मी कप उचलला. आणि सांगायची लाज वाटते, पण आधी मला आनंद झाला. बरं झालं. अधिकारी झालीस तरी तुझी जागा इथेच, माझ्या ग्लासाशेजारी. हा आनंद संध्याकाळी घरी जाताना कॉलेज रोडचा सिग्नल येईपर्यंत टिकला. मग बसमध्ये बसल्या बसल्या मला माझीच किळस आली. मालकीणबाईंनी जिचा विटाळ मानला तिला बघून मी खूश झाले होते. म्हणजे मी मालकीणबाईंच्याच बाजूची झाले होते.

तरी मी कामावर जात राहिले. घरी आई साखरेनं अंथरुणाला खिळलेली, फरशीवर गोधडी टाकून. आणि इथे मालती आजी. त्यांची खाट डोक्याकडून वर व्हायची. मी त्यांच्यावरही जळायचे. आजी निवृत्त शिक्षिका. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, बोलणं मात्र खणखणीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातलं पाणी त्यांनी नाकारलं होतं. "नंदाला पाठव," म्हणाल्या होत्या. अंग पुसायला मी चालायचे.

अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. बदलली की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. अकरा जणांना मी एकटी. दोन तासांनी कशी बदलणार? रजिस्टरमध्ये मात्र बदलायची. सकाळी आले की पूर्ण दिवसाच्या वेळा आधीच लिहून टाकायच्या, खाली त्या सिस्टरच्या नावाची सही. ही तिथली रीतच होती. आजींच्या माकडहाडाशी आधी लाल चट्टा आला, मग कातडी गेली, मग खड्डा पडला. मी मालकीणबाईंना तीनदा सांगितलं.

"पावडर लाव. तू काय डॉक्टर आहेस?"

आजींच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की चादर गळ्यापर्यंत ओढायची. नंदाताई मला म्हणाल्या, "लय वास मारतोय गं त्यांच्या खोलीत. डॉक्टरला का बोलवत नाय या?" एकदा मी पुसत असताना आजींनी डोळे मिटूनच विचारलं, "माझ्या अंगाला वास येतोय का गं?"

मी "नाही" म्हणाले.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी आली. मालकीणबाईंना सकाळी फोनवरून कळलं. लगेच धावपळ. कोट, बिल्ला, आग विझवायची लाल टाकी पुसून दारात. जखमेची म्हातारी कुणाला दिसायला नको. वरच्या मजल्यावर माणसं ठेवायची परवानगी नव्हती, म्हणजे वर कुणी बघायला जाणार नाही. नंदाताईंनी आणि मी आजींना चादरीत धरून वर नेलं, गादीवर ठेवलं. मालकीणबाईंनी स्वतः बाहेरून कडी घातली. मी खाली येऊन नेहमीप्रमाणे रजिस्टर भरलं. सकाळी आठ, दहा, बारा. तसं रात्री आठपर्यंत.

त्याच मॅडम आल्या. रजिस्टर उघडून वाचत बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, आत्ता साडेअकरा वाजलेत. मालती आजींची कूस तुम्ही संध्याकाळी सहाला बदललीत असं लिहिलंय."

मालकीणबाई हसल्या. "घाईत असतात हो आमच्या सिस्टर."

"आजी कुठे आहेत?"

"मुलाकडे. कालच गेल्या."

"मग आज सकाळी आठला कुणाची कूस बदलली?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "चुकून लिहिलंत ना, सिस्टर?" मला पहिल्यांदाच 'अहोजाहो' केलं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा तुमचं."

बिल्ल्यावरचं नाव सांगितलं असतं तर सगळं निभावलं असतं. चूक सिस्टरच्या नावावर गेली असती, माझी नोकरी राहिली असती. पण त्या पेनाकडे बघताना मला फार हेवा वाटला. ही बाई कुठेही जाते तर स्वतःच्या नावानं जाते. आणि मी जळते तीसुद्धा दुसरीच्या नावाच्या कोटात.

मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव जरा मोठ्यानं सांगितलं.

"मी सिस्टर नाही. इथे सफाई करते. आजी वर आहेत, दाराला बाहेरून कडी आहे."

मालकीणबाई ओरडल्या, "तुम्हा लोकांना कामावर ठेवलं हीच चूक!"

मॅडमनी मान वर केली. "कुठल्या लोकांना?"

मी जिना चढले, मॅडम मागे. कडी मी काढली. आतल्या वासानं मॅडमचा पदर नाकाकडे गेला, पण तो त्यांनी लगेच खाली घेतला. मी आजींना कुशीवर वळवलं, जखम दाखवली. आत हाडाचं पांढरं दिसत होतं. खाली आग लागली असती तर हे दार कुणी उघडलं असतं, असं मॅडमनी विचारलं. मालकीणबाई जिन्यातच थांबल्या होत्या.

आजींनी डोळे उघडले. म्हणाल्या, "नंदाला बोलव गं. पाणी हवंय."

मला संताप आला. पण कडी काढल्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी मला माणूस मानावं म्हणून मी वर गेले नव्हते.

खाली जबाब लिहून झाल्यावर मी मॅडमना मागच्या वेळच्या कपाचंही सांगितलं. नळाजवळ ठेवलेल्या. का सांगितलं? थोडं खरं म्हणून आणि थोडं त्यांनाही लागावं म्हणून. त्या फाईल बांधत म्हणाल्या, "मला कळतं ते. कुठल्याही होममध्ये गेले की कळतं." आणि जबाबाखाली कपाचीही एक ओळ वाढवली.

माझं काम त्याच दिवशी गेलं. आजींना दवाखान्यात हलवलं. त्यांच्या मुलानं परदेशातून मला फोन केला. आईचं तसलं उघडं अंग सरकारी माणसाला दाखवायचा तुला काय अधिकार, म्हणाला. जखम केवढी होती ते विचारलं नाही. होम अजून चालू आहे. पाटी बदलली आहे.

परवा मालकीणबाई स्वतः आमच्या कॉलनीत आल्या. चप्पल बाहेर काढून आत आल्या, आईच्या गोधडीशेजारी फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "जबाब गैरसमजातून दिला एवढं लिहून दे. तुझा कोर्स मी पुरा करून देते. खरी सिस्टर होशील. व्हायचंय ना तुला?"

व्हायचंय. फार व्हायचंय. रात्रंदिवस तेच मनात असतं. वय हातातून चाललंय. आईनं माझ्याकडे बघितलं. मी मालकीणबाईंना उठायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात होमवरच्या केसची सुनावणी आहे. मी जाणार. त्यांचे वकील म्हणतील, ही बाई जळत होती, सूड घेतेय. मी नाही म्हणणार नाही. हो, जळते. त्या सिस्टरवर जळते, मॅडमवर जळते, आजींच्या खाटेवर जळते. जे आमच्या वाट्याला आलं नाही त्या प्रत्येक गोष्टीवर जळते आणि ते मिळेपर्यंत जळणार आहे. लिहून घ्या म्हणेन. आणि त्याखालीच लिहा, दाराला बाहेरून कडी होती आणि ती मी काढली.