कात्रीबाईंचे डोळे

मणी ओवल्यानं मुलांना चिकाटी येते, असं आमच्या शाळेच्या पत्रकात छापलेलं होतं. आणखी काय काय येतं, ते मला विचारा.

हस्तकलेच्या बाईंना आम्ही कात्रीबाई म्हणायचो. माळेत एक मणी चुकला की त्या दोरा कचकन कापायच्या आणि फरशीवर सांडलेले मणी आम्हालाच वेचून रंगवार वाट्यांत भरायला लावायच्या. वर म्हणायच्या, "परत. पहिल्यापासून."

त्यांना दिसेनासं झालंय, हे सगळ्यांत आधी मला कळलं. मी सहावीत, पहिल्या बाकावर. माळ त्या आता बोटांनीच तपासायच्या, अंगठ्याखालून सरकवत मणी मोजायच्या. आकडा कळायचा, रंग नाही. एकदा कानाशी येऊन म्हणाल्या, "हे निळेच ना गं? कुणाला बोलू नकोस हं. आठच महिने राहिलेत नोकरीचे. आत्ता काढलं तर घरी कोण बसलंय मला खायला घालायला?"

मी हुरळून गेले. कात्रीबाई माझ्या मुठीत! पण रंग मात्र पाच महिने खरेच सांगत राहिले.

मग दीड महिना खपून केलेली माझी माळ त्यांच्या अंगठ्याखाली आली. मला वाटलं, मला तरी सूट मिळेल. "तिनाच्या जागी चार आलेत," त्या म्हणाल्या, आणि कचकन! पोरी फिदीफिदी हसल्या. मी गुडघ्यांवर बसून मणी वेचले आणि मनात डूख धरला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका पालकांना घेऊन वर्ग दाखवायला आल्या. बाईंनी एका वाटीतला मणी उचलून हळूच विचारलं, "निळा ना?"

वाटीत लाल होते.

"हो, बाई."

"हा निळा मणी बघा," म्हणत बाईंनी तो सगळ्यांसमोर उंच धरला. मुख्याध्यापिकांनी दुसरी वाटी पुढे केली. "आणि हे कोणते?" बाईंनी माझ्याकडे मान वळवली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच दुपारी त्यांना घरी पाठवलं, कायमचं. जिना उतरताना त्यांनी माझाच हात मागितला. मी एकेक पायरी सांगत होते, बरोबर. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "घाईत चुकलीस ना गं तू? होतं असं."

"हो, बाई."

"मग रडू नकोस बाळा," त्या म्हणाल्या.

मी रडत नव्हते.